घटकाभर बसायला जागा

देहूजवळ भंडारा नावाचा डोंगर आहे. मनाला निवांतपणा हवासा झाला की तुकाराममहाराज या डोंगरावर जाऊन बसत. तिथल्या झाडीत, वाऱ्यात आणि एकांतात त्यांना जे लाभले त्याचा वाटा पुढे साऱ्या महाराष्ट्राला मिळाला. याच डोंगराची आणखी एक आठवण आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या आहेत. महाराज वर बसले की त्यांच्या पत्नी जिजाई भाकरी घेऊन भर उन्हात डोंगर चढत, आणि एकदा वाटेत त्यांच्या पायात काटा मोडला, अशी ती आख्यायिका. कीर्तनकार हा प्रसंग रंगवून सांगतात. ऐकताना आपण कधी हसतो, कधी डोळे पुसतो.

मला मात्र अलीकडे या गोष्टीत निराळेच काही दिसू लागले आहे. डोंगर एकच, झाडी तीच, वारा तोच. एकाला तिथे विसावा मिळाला. दुसरीला तो चढ म्हणजे स्वयंपाकघराचाच लांबलेला भाग होता. भाकरी पोचवायची आणि मुले घरी आहेत म्हणून लगबगीने खाली उतरायचे. जिजाई वरच्या झाडाखाली घटकाभर टेकल्या असतील का? आख्यायिका त्याबद्दल काही बोलत नाही.

निसर्गाच्या सान्निध्यात मन शांत होते, हे आपण सर्वजणी मान्य करतो. मंडळात या विषयावर व्याख्यान झाले तर सगळ्या माना डोलावतील. प्रश्न आहे तो पुढचा. हे सान्निध्य कोणाला मिळते, दिवसाच्या कोणत्या वेळी मिळते, आणि ते मिळावे म्हणून जागा कोण राखून ठेवते? आपल्या मागच्या पिढ्यांतील बायका काही घरात कोंडून बसलेल्या नव्हत्या. पाणवठा होता, सरपण होते, शेत होते. वटपौर्णिमेला वड होता, हरतालिकेला पत्री होती, कार्तिकात आवळीभोजन होते. बाहेर जाणे पुष्कळ होते, पण प्रत्येक जाण्याला काही निमित्त लागे. हंडा नाही, मोळी नाही, पूजेचे तबक नाही, अशी रिकाम्या हातांनी बाहेर पडलेली बाई दिसली की पहिला प्रश्न येई, “कुठे निघालीस?” आणि लगेच दुसरा, “काम काय आहे?” नुसते बसायला जाते, हे उत्तर आपल्या मागल्या पिढीतही कोणी दिल्याचे मला आठवत नाही.

आपण शहरात आलो. पाणवठे गेले, परसू गेले, अंगणही गेले. निमित्तेही गेली आणि जागाही गेल्या. म्हणूनच, दीडशे वर्षांपूर्वी एका परक्या देशात याच प्रश्नाला हात घालणाऱ्या एका बाईंची हकीकत या स्मरणिकेत द्यावी असे मला वाटले. त्यांचे नाव ऑक्टेव्हिया हिल. इंग्लंडात त्यांचे नाव आदराने घेतात. आपल्याकडे ते फारसे कोणाला ठाऊक नाही.

ऑक्टेव्हियाचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी विस्बीच या गावी झाला. वडील व्यापारी होते. १८४० साली त्यांचे दिवाळे निघाले आणि त्या धक्क्याने त्यांचे मनही खचले. आई कॅरोलिन मोठ्या धीराची, शिक्षणाविषयी लिहिणारी बाई होती. आजोबा डॉ. साउथवुड स्मिथ हे लंडनमधील तापाच्या रुग्णांवर उपचार करणारे नामांकित वैद्य. गलिच्छ वस्ती आणि रोगराई यांचा संबंध सरकारला पटवून देण्यात त्यांचा मोठा भाग होता. त्यांच्या आधाराने आई मुलींना घेऊन फिंच्ली येथे राहिली. आज फिंच्ली लंडनमध्ये मिसळून गेले आहे. तेव्हा ते खेडे होते. शेते, कुंपणांवरची रानफुले, ओढे, असे तिथले बालपण. पैसा नव्हता, पण मुलींना हुंदडायला रान होते.

१८५२ साली कुटुंब लंडनला आले. बायकांना हातकाम देणाऱ्या एका सहकारी संस्थेची व्यवस्था आईकडे आली, आणि तिथेच अवघ्या चौदाव्या वर्षी ऑक्टेव्हियावर जबाबदारी पडली. गरीब वस्तीतल्या मुली खेळणी तयार करीत. त्यांच्या कामावर तिने देखरेख ठेवायची. या मुलींच्या घरी ती जाऊ लागली. एकेका खोलीत सारे कुटुंब, खाली सांडपाणी, वर धूर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनची लोकसंख्या सुमारे दहा लाख होती, ती शतकाच्या अखेरीस पंचेचाळीस लाखांच्या घरात गेली. रेल्वे आली, गिरण्या आल्या, वखारी आल्या, आणि मोकळी जमीन गिळली गेली. फिंच्लीच्या रानात वाढलेल्या मुलीला ही घुसमट इतरांपेक्षा अधिक जाणवली असली तर नवल नाही. ज्याने अंगण पाहिलेले असते त्यालाच ते गेल्याची हळहळ वाटते.

पुढे जॉन रस्किन या विख्यात लेखक-कलासमीक्षकांकडे त्या चित्रांच्या नकला करण्याचे काम करू लागल्या. १८६४ साली रस्किन यांचे वडील वारले आणि त्यांच्याकडे बरीच संपत्ती आली. तिचा सदुपयोग कसा करावा हा विचार त्यांच्या मनात होता. गरिबांना राहण्याजोगी घरे द्यावीत, ही हिलबाईंची सूचना त्यांना पटली. १८६५ साली रस्किन यांनी मॅरिलबोन भागातील पॅरडाइज प्लेस या गल्लीतील तीन घरांचा भाडेपट्टा विकत घेतला. गल्लीचे नाव स्वर्गाचे आणि कळा नरकाची. या घरांची व्यवस्था हिलबाईंकडे आली. व्यवहार धर्मादाय नव्हता. गुंतवलेल्या पैशावर शेकडा ५ उत्पन्न निघाले पाहिजे, असे ठरले होते, आणि ते निघालेही.

बाई दर आठवड्याला स्वतः भाडे वसूल करायला जात. भाडे थकवलेले त्यांना चालत नसे. पण गळके छप्पर, तुंबलेले गटार, फुटलेली खिडकी यांची दाद त्याच भेटीत लागे. पुढे या कामासाठी त्यांनी अनेक स्त्रियांना तयार केले. भाड्याची वही घेऊन दारोदार जाताना प्रत्येक घरातल्या बाईशी बोलणे होई. या बायकांना आणखी काय हवे आहे, हे त्यांना कोणत्या अहवालातून कळले नाही. जिन्यात उभे राहून कळले. खोली दुरुस्त झाली, तरी चोवीस तास त्याच खोलीत राहायचे. रडते मूल घेऊन जायचे कुठे? म्हाताऱ्या सासूला ऊन दाखवायचे कुठे?

लवकरच जवळच्या फ्रेशवॉटर प्लेस येथील काही घरे व त्यांना लागून असलेला पडीक जमिनीचा तुकडा रस्किन यांनी घेतला. तिथे हिलबाईंनी मुलांसाठी खेळायची जागा करायचे ठरवले. हे काम सुखासुखी झाले असे कोणी समजू नये. वस्तीतल्या काही लोकांचाच त्याला विरोध होता; काम करणाऱ्यांवर दगडविटा आल्या. बाईंनी काम थांबवले नाही. कुंपण झाले, झाडे लागली, भिंतींवर वेल चढवले गेले. वसंतात तिथे मुलांचा मे महिन्याचा सण होऊ लागला. बाईंच्या सार्वजनिक बागांच्या कामाचा हा पहिला धडा होता, आणि तो एका गल्लीच्या मागच्या लहानशा तुकड्यावर गिरवला गेला.

यानंतरची गोष्ट अपयशाची आहे. लंडनच्या वायव्येला स्विस कॉटेज फील्ड्स नावाची शेते होती. मॅरिलबोनच्या वस्तीतून पायी जाता येण्याजोगे हिरवे रान ते एवढेच. सुट्टीच्या दिवशी बायका मुलांना घेऊन तिकडे जात. १८७५ साली तिथे इमारती उठणार असे ठरले. जागा विकत घेण्यासाठी १०,००० पौंडांची गरज होती. हिलबाईंनी पत्रे लिहिली, सभा घेतल्या, ओळखीच्या प्रत्येक घराचा उंबरठा झिजवला. थोड्या आठवड्यांत बहुतेक रक्कम जमली. पण जमीन त्यांच्या हाती लागली नाही. मालकांनी माघार घेतली आणि शेतांवर रस्ते व घरे उभी राहिली.

अपयशाने बाई खचून बसल्या नाहीत. त्याच सुमारास त्यांनी एक निबंध लिहिला. गरिबांना कोणत्या प्रकारच्या मोकळ्या जागा हव्यात याचा विचार त्यात आहे. त्यांनी चार प्रकार सांगितले. एक बसायच्या जागा, दुसऱ्या खेळायच्या, तिसऱ्या फेरफटका मारायच्या आणि चौथ्या संपूर्ण दिवस घालवायच्या. या चारांत त्यांनी बसायची जागा पहिली घातली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. एखादा पुरुष हा निबंध लिहिता, तर त्याने बहुधा मैदानापासून सुरुवात केली असती. बाई म्हणतात की बसायची जागा घराजवळच हवी. कारण म्हाताऱ्या माणसाला आणि कडेवर मूल असलेल्या आईला दूर चालवत नाही. ती लहान असली तरी चालेल, पण दारापासून चार पावलांवर असावी. तिच्याकडे त्या गरिबांची उघड्यावरची बैठकीची खोली म्हणून पाहत. आपल्याकडच्या ओसरीची आणि पाराची आठवण व्हावी अशीच ही कल्पना आहे.

दाट वस्तीत अशा जागा आणायच्या कोठून? बाईंचे लक्ष चर्चच्या आवारातल्या जुन्या दफनभूमींकडे गेले. १८५२ च्या कायद्यान्वये शहरातील दाटीच्या दफनभूमी बंद होऊ लागल्या होत्या. फाटकाला कुलूप, आत गवत आणि कचरा, अशी त्यांची स्थिती होती. या जागा बाकडी टाकून, झाडे लावून लोकांना खुल्या कराव्यात, असा प्रचार त्यांनी सुरू केला. थोरली बहीण मिरांडा ही यात बरोबरीने होती. किंबहुना १८७६ च्या सुमारास निघालेल्या कर्ल सोसायटीची मूळ कल्पना मिरांडाचीच. सतराव्या शतकात रॉस गावच्या जॉन कर्ल नावाच्या सद्गृहस्थाने गावाला बाग दिली होती. त्याचे नाव संस्थेला दिले. गरिबांच्या वाट्याला फुले, रंग, संगीत आणि हिरवळ यावी हा तिचा हेतू. दोघी बहिणी शिकवण्या करून पोट भरलेल्या. त्यांनी सुरू केलेली ही खटपट एखाद्या महिला मंडळाने सुरू करावी तशीच होती.

या कामी त्यांना रॉबर्ट हंटर या वकिलांची साथ मिळाली. इंग्लंडात खेडोपाडी आपल्या गायरानांसारखी सामाईक कुरणे होती. जमीनदार त्यांना कुंपणे घालून गिळंकृत करू लागले, तेव्हा ती वाचवण्यासाठी १८६५ साली एक संस्था निघाली होती. हंटर तिचे कायदेविषयक काम पाहत. लंडनजवळचे एपिंगचे जंगल १८७८ च्या कायद्याने कायमचे लोकांसाठी राखले गेले, ते या चळवळीचे मोठे यश. पुढे १८८४ साली बंद दफनभूमींवर इमारती बांधण्यास कायद्याने मनाई झाली. मेलेल्यांच्या जागेत जिवंतांना वारा मिळू लागला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लोकांना विसावा मिळावा म्हणून धडपडणाऱ्या या बाईंना स्वतःला विसावा नव्हता. १८७७ च्या अखेरीस त्यांची प्रकृती पार ढासळली. कामाचा भार होताच, त्यात रस्किन यांच्याशी वितुष्ट आले आणि मनाला लागलेल्या आणखी काही गोष्टी घडल्या. कामे दुसऱ्यांवर सोपवून त्यांना दीर्घ काळ प्रवासाला जावे लागले. या काळात हॅरियट यॉर्क ही मैत्रीण त्यांच्यासोबत होती आणि ती पुढे जन्माची सोबतीण झाली. १८८४ च्या सुमारास दोघींनी केंट परगण्यात क्रॉकहम हिल येथे टेकडीवर लहानसे घर बांधले. पुढे लंडनमधली कामे चालूच राहिली, पण मधून मधून या टेकडीवर येणे त्यांनी सोडले नाही. शांततेची गरज त्यांना पुस्तकातून कळली नव्हती. ती त्यांच्या अंगावरून गेली होती.

त्यांनी उभारलेली एक बाग मला विशेष आवडते. लंडनच्या साउथवर्क भागात कागदाचा एक जुना कारखाना जळून गेला होता. जळक्या कागदांचे आणि राखेचे थर असलेली ती जागा १८८७ च्या सुमारास हिलबाईंच्या हाती आली. राडारोडा उपसून तिथे बाग केली. तिचे नाव रेड क्रॉस गार्डन. फुलांचे वाफे, लहानसे तळे, बसायला बाकडी, पाऊस आला तर मुलांना खेळायला छपराखालची जागा, कडेला टुमदार घरे आणि वस्तीसाठी एक सभागृह. विस्तार मोठा नाही. पण ती घरांच्या मध्यावर आहे, आणि एखादी बाई स्वयंपाक चुलीवर ठेवूनही तिथे येऊन बसू शकेल इतकी जवळ आहे. ही बाग आजही आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तिचा जीर्णोद्धार झाला.

यानंतर १२ जानेवारी १८९५ रोजी हिलबाई, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली हे धर्मोपदेशक, अशा तिघांच्या पुढाकाराने ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था नोंदवली गेली. सुंदर जागा आणि जुन्या वास्तू लोकांच्या वतीने कायमच्या राखून ठेवणे हे तिचे काम. स्विस कॉटेजच्या शेतांच्या वेळी पैसे जमत होते, पण जमीन घेऊन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळील अशी संस्था नव्हती. ती उणीव अशी भरून निघाली. संस्थेला मिळालेली पहिली जमीनही एका बाईचीच. वेल्समधील बार्मथ गावावरच्या दिनास ओलाइ नावाच्या टेकडीची साडेचार एकर जागा फॅनी टॅल्बट या विधवा बाईंनी देऊन टाकली. तिला लोखंडी बाकडी आणि डांबरी रस्ते यांनी बटबटीत करू नये, रान रानासारखे राहू द्यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या साडेचार एकरांपासून निघालेल्या संस्थेकडे आज सुमारे अडीच लाख हेक्टर जमीन आहे.

हिलबाईंना सर्वगुणसंपन्न ठरवण्याचे कारण नाही. त्यांचा स्वभाव कडक होता. गरिबाने भाडे वेळेवर दिलेच पाहिजे, हा त्यांचा नियम अनेकांना निष्ठुर वाटे. आणि आश्चर्य म्हणजे बायकांना मताधिकार असावा, हे त्यांना शेवटपर्यंत मान्य नव्हते. ज्या बाईने हजारो बायकांना बसायला जागा मिळवून दिली, तिनेच त्यांना मतपेटीपर्यंत जायला विरोध करावा, ही विसंगती आहे. ती लपवू नये. थोर माणसांकडून आपण घ्यायचे ते घ्यावे आणि जे चुकले ते चुकले म्हणावे. १३ ऑगस्ट १९१२ रोजी त्या वारल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीसारख्या मानाच्या ठिकाणी दफन होण्याचा योग होता. पण क्रॉकहम हिलच्या त्यांच्या आवडत्या टेकडीवरच त्यांना निरोप देण्यात आला.

‘झाडाखाली बसून बरे वाटते, हे सांगायला एवढा इतिहास कशाला?’ असे कोणी विचारील. बरे वाटते हे खरेच. पण नुसते वाटण्यावर नगरपालिकेचा पैसा सुटत नाही. म्हणून एका अभ्यासाचा उल्लेख करते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी रॉजर उल्रिक या संशोधकाने तपासल्या. वय, प्रकृती वगैरे जुळणाऱ्या रोग्यांच्या २३ जोड्या त्याने लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामके कमी लागली. १९८४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका लहान अभ्यासावरून फार मोठे अनुमान काढू नये. पण पुढे इतरांनी केलेल्या संशोधनाचा कलही याच दिशेचा आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी तर १८६० च्या सुमारास आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकातच रोग्याला खिडकीबाहेरचे दिसावे, फुले दिसावीत, यावर भर दिला होता. आजारी माणसाला जे औषधासारखे लागू पडते, ते दिवसभर राबलेल्या बाईला लागू पडणार नाही असे कोण म्हणेल?

आता लंडन सोडून आपल्या मुलखात येऊ. मुंबईची कहाणी फार निराळी नाही. गिरण्या निघाल्या, चाळी उठल्या, एकेका खोलीत दहा-दहा माणसे राहू लागली. १८९६ साली प्लेग आला आणि या दाटीची किंमत शहराने प्राणांनी मोजली. त्यानंतर १८९८ साली शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या नव्या वसाहती आखल्या गेल्या, आणि मध्ये मोकळ्या जागा सोडल्या गेल्या. त्या काळात १९२५ साली माहीम पार्क नावाचे एक विस्तीर्ण मैदान लोकांना खुले झाले. १९२७ साली त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. या नामकरणामागे पुढाकार होता तो नगरपालिकेच्या सभासद अवंतिकाबाई गोखले यांचा. १९१७ साली गांधीजींच्या चंपारणच्या कामात गेलेल्या, १९१८ साली गांधीजींचे चरित्र मराठीत लिहिणाऱ्या आणि त्याच साली हिंद महिला समाज स्थापन करणाऱ्या याच त्या अवंतिकाबाई. त्या १९४९ साली वारल्या. त्या मैदानावर पुढे केवढ्या सभा झाल्या आणि केवढे क्रिकेटपटू घडले, हे सर्वांना माहीत आहे. मला मात्र त्याच्या भोवतालचा कट्टा अधिक महत्त्वाचा वाटतो. मैदान सभांचे आणि खेळाडूंचे, कट्टा कोणाचाही. संध्याकाळी तिथे बसलेल्या आजीबाईंना कोणी ‘काम काय आहे’ म्हणून विचारीत नाही.

हिलबाईंचे आणि अवंतिकाबाईंचे काम एकसारखे होते असे मला म्हणायचे नाही. एकीने जागा मिळवली, दुसरीने जागेला नाव मिळवून दिले. पण आपल्या गावातील मोकळ्या जागेविषयी बोलण्याचा बाईला अधिकार आहे, हे दोघींनीही गृहीत धरले. आपण तेवढे धरतो का?

आता आपल्या दारातलेच पाहू. आपल्या विभागात बाग आहे. झाडे चांगली वाढली आहेत आणि बाकडीही आहेत. सकाळी ती उघडी असते. तेव्हा आपल्यापैकी बहुतेकजणी डब्यांच्या आणि शाळेच्या गडबडीत असतात. संध्याकाळी उघडते, तेव्हा दिवाबत्ती, मुलांचा अभ्यास आणि रात्रीचा स्वयंपाक. गृहिणीला जे दोन तास सवडीचे मिळतात ते दुपारचे, आणि नेमके त्याच वेळी फाटकाला कुलूप असते. वेळापत्रक कोणी वाईट हेतूने केले असेल असे नाही. ते करताना दुपारी मोकळी होणारी बाई कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, एवढेच.

आणि आपल्याला निदान घर तरी आहे. आपल्या इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बायका पाहा. एक घर आटोपले आणि दुसऱ्या घरी तीनला जायचे, अशा वेळी मधला तास त्या कुठे काढतात? जिन्याच्या पायरीवर, मीटरच्या पेटीखाली, नाही तर पाण्याच्या टाकीच्या सावलीत. तिथेच डबा खातात आणि तिथेच पदर तोंडावर घेऊन घटकाभर डोळे मिटतात. पन्नास पावलांवर आंब्याची आणि बहाव्याची सावली आहे आणि ती कुलपात आहे. हे चित्र मी कित्येक वर्षे रोज पाहत होते. हिलबाईंची हकीकत वाचेपर्यंत त्यात काही चुकते आहे हे मला सुचलेही नाही, याची मला लाज वाटते.

आपल्या मंडळाने आजवर हळदीकुंकू केले, सहली काढल्या, शिवणाचे वर्ग चालवले. हे सर्व चांगलेच आहे. पण सहल वर्षातून एकदा होते आणि मनाला विसावा रोज लागतो. हिलबाईंच्या चार जागांपैकी दिवस घालवायची चौथी जागा आपण सहलीने साधतो. बसायची पहिली जागा मात्र अजून साधलेली नाही. मला सुचते ते साधे आहे. बाग दुपारी १ ते ४ उघडी ठेवावी अशी मागणी आपण करावी. माळीदादा आणि रखवालदार यांनाही दुपारची विश्रांती लागते. तेव्हा त्या वेळेपुरती फाटकाची देखरेख मंडळातील दोघी-दोघींनी आळीपाळीने करावी. हिलबाईंनी भाड्याची वही घेऊन फिरणाऱ्या स्त्रिया तयार केल्या. आपल्याला किल्ली सांभाळणाऱ्या तयार करता येणार नाहीत काय? आणि त्या वेळी बागेत येणारीला, ती कोणत्या इमारतीतली आहे, मालकीण आहे की मोलकरीण, हे कोणी विचारू नये. एका बाकावर दोघी बसाव्यात.

काहीजणी म्हणतील, एवढ्याने काय होणार? मनाच्या शांतीसाठी ध्यान आहे, नामस्मरण आहे. आहेच. पण त्यासाठी तुकाराममहाराजांनाही डोंगर लागला होता. जिजाईंना त्या दिवशी कोणी म्हणाले असते की बाई, भाकरी पोचली, आता या झाडाखाली जरा टेका, घरचे आम्ही पाहतो, तर कदाचित आख्यायिकेत काट्याशिवाय आणखीही काही उरले असते.

नगरपालिकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे. वर्धापनदिनाच्या कार्यक्रमाला तो सभागृहाच्या दाराशी मेजावर असेल. वाचा, दुरुस्त्या सुचवा आणि सही करा. येताना आपल्या कामवाल्या बाईंनाही सोबत आणा. अर्जावर पहिली सही त्यांची असावी, अशी माझी इच्छा आहे.